ऑइल गरम होईपर्यंत

१ एप्रिल, शनिवार

गाडी उठली. पाच महिने झोपून पहिल्याच चावीला उठली. माझे गुडघे रोज सकाळी याहून जास्त कुरकुरतात.

नंबरप्लेटवर स्वच्छ लिहिलेलं आहे: चार ते दहा. एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, बाकीचे महिने गॅरेजमध्ये पांघरुणाखाली. इतक्या शिस्तीचा माणूस आमच्या गावात एकही नाही. मी सोडून.

या मोसमाचे संकल्प. ऑइल ऐंशी अंशांवर जाईपर्यंत अडीच हजार आरपीएमच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही (हा जुनाच, पण दरवर्षी लिहिलेला बरा). बायकोला, बुर्गलला, दर रविवारी फिरायला न्यायचं. क्विरिनशी वाद घालायचा नाही, गावात मेकॅनिक तो एकटाच आहे.

बुर्गल खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला. नंतर म्हणाली, काच पुसत होते.

९ एप्रिल, ईस्टर

व्रोनी आली म्युनिकहून, नव्या विजेच्या गाडीतून. दारात येऊन उभी राहिली तरी घरात कळलं नाही. चोर असे येतात, पोटची पोर नाही.

जेवताना तिला सहा सिलेंडरांचं सांगितलं. तेहतीस वर्षांची झाली, आता समजायला हवं. एका रांगेत सहा. पहिल्याबरोबर सहावा वर जातो, दुसऱ्याबरोबर पाचवा, तिसऱ्याबरोबर चौथा. एकाचा धक्का दुसरा तिथल्या तिथे गिळतो, बाहेर काही येत नाही. चार सिलेंडरांना हे जमत नाही, तीन तर थरथरतातच. संसार असा सहा सिलेंडरांचा असावा, म्हणालो. व्रोनी म्हणाली, पपा, तुमच्या संसारात धक्के गिळणारा सिलेंडर एकच आहे. बुर्गलने घाईघाईने तिच्या ताटात आणखी एक बटाट्याचा गोळा वाढला.

मग मी म्हणालो की हे इंजिन आम्ही बनवलंय, जरा आदराने बोल. एकतीस वर्षं कारखान्यात घातली. होतो कँटीनच्या खरेदी खात्यात, हे मान्य. पण सैन्य पोटावर चालतं म्हणतात, कारखाना काय हवेवर चालतो?

६ मे, शनिवार

बुर्गलची छोटी गाडी विकून टाकली. तीन सिलेंडर. इंजिन कसलं, हिवतापाचा पेशंट. सिग्नलला उभी राहिली की आरसा हलायचा आणि मागची माणसं जुळी दिसायची.

बुर्गल म्हणाली, मग मला कुठे जायचं झालं तर? म्हणालो, मी आहे ना, हाक मार, दारात गाडी. ती म्हणाली, मग मीच चालवीन की. हे मात्र नाही. अठ्ठ्याण्णव साली तिच्या आईची ट्रेन चुकत होती म्हणून तिने थंड इंजिन चार हजारांवर नेलं होतं. ट्रेन मिळाली. पण ते रडणं अजून माझ्या कानात आहे, इंजिनाचं.

बस आहेच, दिवसातून दोन. हिवाळ्याचं हिवाळ्यात बघू.

११ जून, रविवार

मोसमातली पहिली रविवारची फेरी. आधीचे रविवार पाऊस, परागकण आणि पॉलिश यांत गेले.

तळ्याच्या रस्त्याला बीचच्या झाडांचं रान लागतं. ऑइल गरम झालेलं, तिसरा गिअर, चार हजार. तिथे तो आवाज लागतो. गुरगुरणं नाही, किंचाळणं नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा, खालपासून वरपर्यंत एकसंध. माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि मी काही भावनाप्रधान माणूस नाही. बुर्गल डोळे मिटून बसली होती. म्हणाली, व्रोनी तान्ही असताना फक्त याच आवाजावर झोपायची, आठवतं? रात्र रात्र हिंडवायचास तिला. आठवतं तर. तेव्हा तिलाही ही गाडी आवडायची. अजून आवडत असणार, बोलत नाही इतकंच.

पार्किंगपासून कॉफीच्या गच्चीपर्यंत थोडा चढ आहे. बुर्गल दोनदा थांबली. नवे बूट. मी सांगितलं होतं घेऊ नकोस.

२ जुलै, रविवार

मोठा दिवस. चर्चमधली मिसा झाल्यावर आमचं टोळकं नेहमीप्रमाणे खानावळीत बसलं. विषय तोच, आता सगळ्या गाड्यांत चार सिलेंडर, मग तीन, मग बॅटरी, मग कबर. मी म्हणालो बाहेर चला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि जुनं, युरोच्या आधीचं पाच मार्कांचं नाणं वरच्या झाकणावर उभं केलं. काठावर उभं. राहिलं. म्हाताऱ्या बेनोने टोपी काढली, ती उन्हाने काढली असं तो नंतर म्हणाला.

तेवढ्यात चर्चचा उतार उतरून बुर्गल आली आणि दम खायला मडगार्डला टेकली. नाणं पडलं. गटारात गेलं.

मी एक शब्द बोललो नाही. मन मोठं ठेवलं. क्विरिनने तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि मला म्हणाला, कॉर्बी, हिचा हात बर्फासारखा आहे आणि कपाळावर घाम आहे. ऊन होतं, घाम येणारच. क्विरिनला इंजिन कळतं, बायका कळत नाहीत, दोन सोडून गेल्या.

घरी आल्यावर मडगार्डवरचे पाच बोटांचे ठसे पुसले. सहज जात नव्हते.

१९ जुलै, बुधवार

थंड असताना एक टिकटिक येते. बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही, मला येते. झोपेतसुद्धा येते.

क्विरिनकडे नेली. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. म्हणाला, काही नाही, वयाचं आहे, गरम झाली की जाईल. मग त्याच सुरात म्हणाला, बुर्गलला दाखवलंस का कुणाला? म्हणालो, तू इंजिनापुरतं बघ. तो म्हणाला, बरं, आणि तू बटाट्याच्या गोळ्यांपुरतं बघ, तेच बनवलेस ना एकतीस वर्षं.

वाद न घालण्याचा संकल्प तूर्त स्थगित.

घरी येताना टिकटिक परत ऐकू आली. गाडी बंद केल्यावरही. ते गॅरेजमधलं घड्याळ निघालं.

१५ ऑगस्ट, मंगळवार

मरियेचा सण. बुर्गल दरवर्षी औषधी पाल्याची जुडी बांधून आशीर्वादासाठी चर्चला नेते. या वर्षी जुडी शेजारणीच्या हाती पाठवली. चढ नको म्हणाली. तेवीस पायऱ्या काय त्या. उकाडा असह्य आहे हे खरं.

गावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हृदयाच्या स्पेशालिस्टकडे जायला सांगितलंय. डॉक्टर लोकांना एकमेकांकडे पाठवण्याची हौसच असते. तारीख मिळाली, १४ सप्टेंबर. तिने कॅलेंडरवर लाल गोल केला.

संध्याकाळी सहज बघितलं तर त्याच चौकोनात माझ्या निळ्या अक्षरात एप्रिलपासून लिहिलेलं आहे: गाडीची तपासणी. लाल गोल बरोबर माझ्या अक्षरांवरून गेलाय.

१२ सप्टेंबर, मंगळवार

विचार केला, पूर्ण विचार केला. तपासणीची तारीख हलवता येत नाही. तिथे एकच इन्स्पेक्टर असा आहे जो धुराच्या टेस्टला गाडी आधी गरम करून घेतो. बाकीचे दोघे थंड इंजिन सरळ शेवटपर्यंत ताणतात. त्यांच्या हाती देणं म्हणजे वासराला खाटकाच्या हाती देणं.

बुर्गलने एकदाच विचारलं. मी एकदाच समजावलं. टॅक्सीने जाते म्हणाली. दारात सहा सिलेंडर उभे असताना टॅक्सी, गाव काय म्हणेल? व्रोनी या आठवड्यात हॅम्बर्गला आहे. शेवटी बुर्गलने फोन करून तारीख बदलून घेतली. पुढची मिळाली जानेवारीत.

यावरूनच काय ते समजावं. गंभीर असतं तर जानेवारीपर्यंत थांबवलं असतं का? बिनडोक लोक आहेत का ते? मी हे बुर्गलला सांगितलं आणि तिला पटलं. गप्प बसली.

१४ सप्टेंबर, गुरुवार

एकही दोष नाही. एकही. इन्स्पेक्टरने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, हे इंजिन तुम्हा दोघांना पुरून उरेल. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बुर्गलसाठी बेकरीतून आलुबुखारचा केक घेतला. घरी आलो तर भर दुपारी सोफ्यावर झोपलेली, बूट पायात. पडदा ओढलेला. उठवली नाही. दोन्ही तुकडे मीच खाल्ले, शिळा झाला की केक बसतो.

३ ऑक्टोबर, मंगळवार

फ्योन सुटलाय. आल्प्सवरून हे गरम वारं आलं की डोंगर हात लावावा इतके जवळ येतात आणि अख्ख्या गावाचं डोकं दुखतं. खानावळीत ग्लास फुटले, पाद्रीबाबा दोनदा प्रवचन विसरले. बुर्गलची छाती दाटते म्हणे, आणि डावा हात जड होतो. फ्योन, दुसरं काय. माझाही खांदा धरलाय.

तिने तीन उशा लावून खुर्चीतच झोपायला सुरुवात केली आहे. आडवं झालं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं म्हणाली. हे वाक्य मला आवडलं नाही. का ते सांगता येत नाही. उठून गॅरेजमध्ये गेलो, दहा मिनिटं गाडीत नुसता बसलो.

टिकटिक पूर्ण थांबली आहे. शुभशकुन म्हणायचा.

१५ ऑक्टोबर, रविवार

बेत ठरला. मोसमातला शेवटचा रविवार २९ तारखेला. खिंड ओलांडून इटलीतल्या तळ्याकाठी, लग्नानंतर गेलो होतो तिथे. दोन दिवस. जायचं हळू, यायचं हळू, मधल्या चढावर मात्र चार हजार. रविवारचे सगळे चुकलेले फेरे यात फिटतील. बुर्गलला सांगितलं. म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे हो.

नवं ऑइल घातलं, सगळ्यात महागडं. ती खिडकीत उभी होती. या वेळी काच पुसत नव्हती.

२३ ऑक्टोबर, सोमवार

कालचं आज लिहितो. नीट लिहून ठेवतो, कुणी विचारलं तर क्रम चुकायला नको.

सकाळी नाश्ता. बाहेर पहिलं दहिवर पडलेलं. बुर्गलच्या हातातून सुरी पडली. तिने टेबलाची कड धरली. चेहरा राखेसारखा. म्हणाली, कॉर्बी, अँब्युलन्स बोलाव. म्हणालो, त्यांना आमची गल्ली सापडेपर्यंत मी तुला पोचवतो. शिवाय अँब्युलन्स डिझेलची, सगळी हाडं खिळखिळी करेल. आपल्या गाडीत तुला काही जाणवणारसुद्धा नाही. दोन्ही कारणं बिनतोड होती. आत्ताही आहेत.

गॅरेज उघडलं. पांघरूण काढलं, घडी घातली. घडी नाही घातली तर आतल्या बाजूला धूळ बसते. गाडी पहिल्या चावीला चालू. बाहेर दोन अंश. बुर्गलला धरून बसवलं, पट्टा लावला.

शहर चौदा किलोमीटर. रविवार सकाळ, रस्ता रिकामा, सरळ. अडीच हजारांच्या वर गेलो नाही, दुसऱ्या गिअरच्याही नाही. थंडीत ऑइल घट्ट असतं, वरपर्यंत पोचत नाही, अशा वेळी ताणलं तर इंजिनाचं कायमचं नुकसान होतं. हे पोराटोरांनाही माहीत आहे. मागून एक ट्रॅक्टर आला, दिवे दाखवले आणि पुढे निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक्टरने मला मागे टाकलं. मी बुर्गलला म्हणालो, बघ, एक तरी धक्का बसतोय का? ती बोलली नाही. समोर बघत होती.

ऑइल ऐंशीवर आलं तेव्हा शहराची पाटी आली. पाटीनंतर पन्नासची मर्यादा आहे.

हॉस्पिटलच्या दारात दोघे जण खुर्ची घेऊन धावत आले आणि तिला घेऊन गेले. मी इंजिन अर्धा मिनिट तसंच चालू ठेवून मग बंद केलं. तेवढं करावंच लागतं.

कॉरिडॉरमध्ये बसून इंजिन पेटण्याचा क्रम म्हणत राहिलो: एक पाच तीन सहा दोन चार. चर्चमध्ये जपमाळेच्या वेळीही तोच म्हणतो, कुणाला कळत नाही. काल मात्र तिसऱ्यानंतर काय येतं तेच आठवेना.

२५ ऑक्टोबर, बुधवार

जिवंत आहे. बोलू देत नाहीत अजून.

हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. वयाने व्रोनीएवढ्या. दुखणं केव्हा सुरू झालं विचारलं. सांगितलं. घर कुठे विचारलं. सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, रस्त्यात अपघात झाला होता का, काही अडलं होतं? म्हणालो, नाही, रस्ता मोकळा होता. मग इतका वेळ? म्हणालो, ऑइल थंड होतं. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी परत सांगितलं. मग सविस्तर सांगितलं, ऐंशी अंश, अडीच हजार, सगळं.

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. म्हणाल्या, हृदयाचा एक भाग तेवढ्या वेळात रक्तावाचून मेला, तो परत येणार नाही. मी म्हणालो, इंजिनात असा भाग बदलता येतो. त्या म्हणाल्या, हो, इंजिनात येतो.

व्रोनी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओरडेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बुर्गल बोलली. आवाज अगदी खोल गेलाय.

मी विचारलं, गाडीत घाबरली होतीस का? म्हणाली, नाही रे, मीही काट्याकडेच बघत होते. ऐंशी झाले की तू गाडी सुसाट सोडशील हे मला माहीत होतं. मनात त्यालाच म्हणत होते, चढ बाबा, चढ लवकर.

म्हणालो, मला का नाही म्हणालीस? ती म्हणाली, म्हणाले ना. दोनदा. दुसऱ्यांदा तू म्हणालास, जरा गप्प, इंजिन ऐकू दे.

मला आठवत नाही. मला खरंच आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही, चाळीस वर्षांत कधी बोललेली नाही. ती हे रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला सुचतात उत्तरं. ती सांगत होती भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. मला लाज वाटली. इतकी वाटली की खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि पार्किंगकडे बघत बसलो. तिथे ती उभी होती. धुतलेली.

संकल्प. शेवटचा. ज्या दिवशी बुर्गलला घरी सोडतील त्या दिवशी गाडी चालू केल्या क्षणापासून पाय शेवटपर्यंत खाली. थंड तर थंड. इंजिन फुटलं तरी चालेल. तिला दिसलं पाहिजे.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आज सोडलं. नंबरप्लेटचाही आज शेवटचा दिवस, उद्यापासून गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा. योग जुळून आला म्हणायचा.

वेळेच्या आधी पोचलो. गाडी बरोबर दारासमोर लावली, पुढच्या सीटवर उशी, गुडघ्यांवर घ्यायला चादर. बसून वाट बघितली. मग तिथल्या बाकावर. इंजिन पार गार झालं. तेही ठीक होतं, संकल्पाला तसंच हवं होतं.

व्रोनीची गाडी मागे येऊन उभी राहिली. आवाज नव्हताच. बुर्गल व्रोनीच्या खांद्याला धरून बाहेर आली. फार लहान दिसत होती. मी दार उघडून उभा. तिने माझ्या गाडीकडे बघितलं, मागच्या गाडीकडे बघितलं. माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, कॉर्बी, तू ये मागून सावकाश. घाई नाही.

आणि व्रोनीच्या गाडीत बसली.

ठीक आहे, म्हटलं. मागून तर मागून. अंतर पडू द्यायचं नाही, आरशात मी तिला सतत दिसलो पाहिजे. गाडी चालू केली. शहराची पाटी संपली, रस्ता मोकळा, सरळ. व्रोनी वेगाने निघाली. मी स्वतःला सांगितलं, आता. मोठ्याने सांगितलं. पायालाही सांगितलं.

पाय खाली गेला नाही. दाबलं, दाबलं, अडीच हजारांवर तो आपोआप थांबला, जणू तिथे कुणी विटा रचल्या होत्या. मी रडत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. समोर ती पांढरी गाडी लहान होत गेली. मागच्या काचेत बुर्गलचं डोकं दिसत होतं, ती एकदाही वळली नाही. मग बीचच्या रानाशी वळण आलं आणि त्या दोघी दिसेनाशा झाल्या. ऑइल चाळीसवर होतं.